पाळण्याच्या आधी रंग

बाल्टिमोरच्या पार्क हाइट्स भागात बाळ जन्मलं की पहिला फोन आजीला जायचा आणि दुसरा हेशी प्लॉटकिनला. रब्बींचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, नंबर तिसरा. रब्बींना हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या पोरांच्या खोल्याही हेशीनेच रंगवल्या होत्या.

आम्हा ज्यू लोकांत बाळ हाती येईपर्यंत घरात त्याचं काही येत नाही. पाळणा नाही, दुपटं नाही, झबलं नाही. दुकानदार पाळणा मागच्या गोदामात ठेवून देतो आणि फोनची वाट बघतो. खोलीला रंगही तोवर लागत नाही. आता पोटुशी बाई काही इतके महिने हातावर हात ठेवून बसत नाही. रंग तिने कधीच निवडलेला असतो. पण ते शेड कार्डसुद्धा घरात नको, म्हणून ते हेशीच्या गाडीत जायचं. ड्रायव्हरसमोर उन्हासाठी फळी असते, तिच्यामागे रबर लावून त्याने कार्डांची गड्डी ठेवलेली असे. एकाही कार्डावर नाव नाही. कुठला फिका हिरवा कुणाचा आणि कुठला मोतिया कुणाचा, हे फक्त त्याच्या डोक्यात. रस्त्यात त्या बायका भेटल्या तर या विषयावर अवाक्षर काढायच्या नाहीत. त्या नुसत्या गाडीकडे बघून पुढे जायच्या.

मग फोन यायचा. बाळंतीण दोन-तीन दिवस हॉस्पिटलात, तेवढ्यात हेशीचं काम. शिडी, जुनी चादर, डबे. सकाळी भिंत घासून पहिला हात, दुसऱ्या दिवशी दुसरा, खिडक्या सताड उघड्या. तिसऱ्या दिवशी दुकानाची गाडी पाळणा घेऊन हजर. आई बाळाला घेऊन आत शिरायची तेव्हा ती खोली जणू तिची वाटच बघत असायची.

माणूस उंच, वाळका, कानाच्या पाळीवर कायम कुठला तरी रंग. बोलणं कमी. आणि इतकी वर्षं रंगात हात घालून या गृहस्थाला रंगाबद्दल स्वतःचं मत म्हणून नव्हतं. कुणी विचारलं, हेशी, इथे काय खुलेल, तर तो म्हणायचा, खोली तुमची आहे. बायकांना याचा भारी राग यायचा. त्याच्या स्वतःच्या घरात तर उरलेसुरले डबे संपवलेले. स्वयंपाकघराची एक भिंत वाटाण्याच्या रंगाची, दुसरी कुठल्या तरी दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यातून उरलेली गुलाबी. त्याची बायको ब्लूमा म्हणायची, की आपल्याकडे पाहुणे बसायला येत नाहीत, नमुने बघायला येतात.

यांना एकच मुलगी, रेना. ती वाचनालयात कामाला होती. लग्न उशिरा झालं, ॲलन झुकमनशी. तो शाळेत गणित शिकवायचा, सरळ मुलगा. राहायला तीन घरं सोडून. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला तरी तिने बापाकडे कार्ड दिलं नव्हतं. बापानेही मागितलं नाही. शुक्रवारच्या जेवणाला सगळे एकत्र बसत, गाजरापासून राजकारणापर्यंत सगळं बोलून होई, पण या एका गोष्टीला दोघंही लांबून वळसा घालून जात.

जुलैच्या सुरुवातीला, वेळेच्या कितीतरी आधी, रेनाला मुलगा झाला. ब्लूमा शनिवारच्या शब्बाथसाठी जी कोंबडी आणायची तिच्याहून हलका. त्याला काचपेटीत ठेवला, नाकातोंडात नळ्या. ॲलनचा फोन आला तेव्हा हेशीनेच उचलला. जन्मभर दुसऱ्यांच्या बाळांना अभिनंदनाचं 'मझल टोव' म्हणत आलेला माणूस, पण आजोबा झाल्यावर त्याच्या तोंडून ते दोन शब्द निघेनात. शेवटी ब्लूमाने रिसीव्हर हातातून ओढून घेतला आणि दोघांच्या वतीने ते म्हणून टाकलं.

आमच्यात मुलाचं नाव सुंतेच्या वेळी ठेवतात, आठव्या दिवशी. पोर नाजूक असलं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत सुंता पुढे जाते आणि तिच्याबरोबर नावही. त्यामुळे काचपेटीवर नुसतीच चिठ्ठी चिकटवलेली, 'मुलगा, झुकमन'. नाव नाही, पाळणा नाही. पाळणेवाल्याने एकदा चाचरत फोन केला की गाडी पाठवू का. ब्लूमाने त्याला सांगितलं, कळवू.

आता गल्लीपुढे प्रश्न पडला की हेशी रंगवणार कधी. पोर जन्मलं तर आहे, पण हाती आलंय का? बेकरीच्या रांगेत यावर दोन तट पडले. हेशी स्वतः रब्बींकडे जाऊन आला. रब्बी म्हणाले, हा काही नियम नाही रे, ही आपली पिढ्यानपिढ्यांची भीती आहे. रंगवावंसं वाटत असेल तर रंगव. हेशीला ते मुळीच रुचलं नाही. रंगव किंवा रंगवू नको असं स्वच्छ काहीतरी ऐकायला तो गेला होता.

हॉस्पिटलातून सुटून आल्यावर रेना रोज सकाळी परत तिथेच जायची आणि संध्याकाळी यायची. अशाच एका संध्याकाळी ती बापाच्या स्वयंपाकघरात आली आणि पंख्यासारखी उघडणारी शेड कार्डांची जुडी तिने टेबलावर ठेवली. ती त्याला टाटे म्हणायची, त्याच्या घरात बापाला तसंच म्हणत आले होते.

"टाटे, तू निवड."

"मी? खोली तुझी आहे."

"मला दिसत नाहीत रंग. दिवसभर मी ती नळी बघते. कार्ड हातात घेतलं की नुसता कागद दिसतो. तू निवड आणि रंगव. आत्ता रंगव, तो तिकडे असतानाच."

हेशीने जुडी मिटून बाजूला सारली. म्हणाला, घाई काय आहे, डॉक्टर म्हणतायत अजून बरेच आठवडे, आणि मला लागतात दोन दिवस. शिवाय भिंत नीट नाही, खिडकीशी ओल आहे. आधी ते बघतो.  रेनाने जुडी मात्र तिथेच ठेवली.

आणि हेशी खरंच भिंतीमागे लागला. ओल काढली. चिरा बुजवल्या. खिडकीच्या चौकटीवरचा जुना थर खरवडून खालचं लाकूड उघडं केलं. मग पॉलिश पेपरने घासायला घेतलं. घासून झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच भिंत. ॲलन एकदा दारात उभा राहून म्हणाला, बाबा, पलीकडे शेजाऱ्यांचं घर आहे, बेताने. हेशी हसला, पण हात थांबला नाही. ब्लूमा रोज हॉस्पिटलात जायची आणि येऊन सांगायची, आज एवढं दूध पचलं, आज डोळा उघडला. आजी-आजोबांना आत जायची मुभा होती. हेशी मात्र एकदाही गेला नाही. म्हणायचा, माझ्या अंगाला टर्पेंटाइनचा वास येतो, त्या पोराच्या फुप्फुसांना कशाला त्रास.

खरं कारण ब्लूमालाही माहीत नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, शहराबाहेरच्या एका जोडप्याने हेशीला बोलावलं होतं. आपलेच लोक, पण जुन्या गोष्टी न मानणारे. बाई आठव्या महिन्यात. तिला खोली आधीच तयार हवी होती, आणि तिचा रंगही ठरलेला, पिवळा. हेशी तेव्हा धंद्यात नवा, नाही म्हणवलं नाही. खोली फार छान झाली, बाईने त्याला केक खाऊ घातला. पुढच्या महिन्यात नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, ती खोली परत पांढरी करून द्या.

हेशी गेला. घरात बाळ नव्हतं. एक हात मारला, पिवळा खालून दिसत राहिला. दुसरा मारला. संध्याकाळी ती बाई झोपेच्या कपड्यांत दारात आली, भिंतीकडे बोट करून म्हणाली, अजून आहे. हेशीला काहीच दिसत नव्हतं, त्याला भिंत पांढरीफेक दिसत होती. तरी त्याने तिसरा हात मारला, आणि ती गेली नाही म्हणून चौथा. त्या दिवसापासून बाळ आईच्या कुशीत आल्याचं कानांनी ऐकल्याशिवाय त्याने एकाही डब्याचं झाकण उघडलं नव्हतं. लोकांना वाटायचं, केवढा परंपरा पाळणारा माणूस. तो घाबरट होता, आणि तेवढं त्याला स्वतःला पक्कं माहीत होतं.

जुलै सरत आला तेव्हाचा एक शुक्रवार. आदल्या रात्री पोराचा श्वास थांबला होता. नळी काढून दोनच दिवस झाले होते, ती परत घालावी लागली. सकाळी रेना घरी आली ती कपडे न्यायला. शब्बाथ लागला की काम करायचं नाही, गाडी चालवायची नाही, म्हणून ती आणि ॲलन शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत तिकडेच एका खोलीत मुक्काम करत. पिशवी भरताना तिला खरखर ऐकू आली. ती पोराच्या खोलीशी आली. बाप गुडघ्यांवर बसून खालची पट्टी घासत होता. अंगभर पांढरी धूळ.

"काय करतोयस?"

"ही कड जरा..."

"टाटे, ही भिंत आरशासारखी झालीय. आणखी काय करणार आहेस तिचं?" तिचा आवाज वर गेला नव्हता, पण हेशीने पॉलिश पेपर खाली ठेवला. "तू वाट बघतोयस. खोली लागणार आहे की नाही ते बघतोयस."

"असं बोलू नको."

"मग काय बोलू? त्याला नाव नाही, ठीक आहे, ते शास्त्रात आहे, मी गप्प बसले. रंगाला कुठलं शास्त्र आडवं येतंय? तूच येतोयस. परवा मी त्याच्याजवळ बसून त्याला सांगत होते, घरी असं आहे, घरी तसं आहे. तुझी खोली अशी आहे म्हणून सांगायला गेले आणि मला पुढे सांगताच येईना. काय सांगू? आजोबांनी छान घासून ठेवलीय?"

हेशी उठला. उठायला त्याला शिडीचा आधार घ्यावा लागला. मग त्याने जन्मात पहिल्यांदा ती पिवळ्या खोलीची गोष्ट कुणाला तरी सांगितली. अगदी थोडक्यात, भिंतीकडे बघत. बाई दारात येऊन काय म्हणाली तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुझी खोली मला परत पांढरी करायला लागली तर माझ्याच्याने होणार नाही रेना. ताकद नाही माझ्यात."

 रेनाने बापाच्या बाहीवरची धूळ झटकली. ती काय झटकली जाणार होती, उलट तिच्याच हाताला लागली.

"नसेल होणार तर तेव्हा नको करू," ती म्हणाली. "तेव्हाचं तेव्हा बघू. पण आज तो आहे. आज आहे ना? मग आजच्या माणसाला आज खोली दे."

तिने पिशवी उचलली. जाताना म्हणाली की शब्बाथचे दिवे लागायच्या आत वॉर्डात फोन कर, नंतर उद्या रात्रीपर्यंत मला इकडचं काही कळायचं नाही. म्हणजे दोघांनाही कळायचं नव्हतं. शब्बाथमध्ये फोनला हात लावत नाहीत, आणि एक अख्खा दिवस तिकडे काय चाललंय हे हेशीला समजणार नव्हतं. हा विचार त्याने आतापर्यंत टाळला होता. 

रेनाने दिलेली शेड कार्डांची जुडी त्याने इथे आणून खिडकीत ठेवली होती. त्याने ती उघडली. फिका निळा, फिका हिरवा, लोण्याचा, सायीचा. यातला एकेक रंग त्याने कितीदा तरी भिंतींवर चढवला होता, डोळे मिटून चढवला असता. पण हा अमुक त्या पोराचा, असं म्हणायला पोर तरी पाहिलेलं हवं. इतर बाळांचे रंग निवडणाऱ्या आयांनी त्यांना निदान पोटात तरी वागवलं होतं. हेशीने तर आपल्या नातवाचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने जुडी खिशात घातली, घरी जाऊन अंघोळ केली, शब्बाथचा सदरा चढवला आणि गाडी काढली.

वॉर्डाच्या दाराशी कोपरापर्यंत हात घासायला लावतात. नखांतला रंग निघेना म्हणून हेशी घासत राहिला, शेवटी नर्सच म्हणाली, पुरे झालं, कातडी ठेवा अंगावर. तिने त्याला काचपेटीपाशी नेलं. रेना तिथे स्टुलावर बसली होती. बापाला बघून तिने नुसतं सरकून जागा केली.

सगळंच फिकं होतं तिथे. भिंती फिक्या, चादरी फिक्या, दिवा फिका, नळ्या तर आरपार दिसणाऱ्या. आणि त्यात मधोमध तो, लालबुंद. सुरकुतलेला, म्हाताऱ्या न्यायाधीशासारखा कपाळाला आठ्या घातलेला, बोटं मिटलेली. छाती यंत्राच्या तालावर वरखाली होत होती, पण एक पाय स्वतःच्या मनाने झाडत होता. नर्स म्हणाली, हा फार हट्टी आहे, रात्री एवढं झालं तरी सकाळी नळीला हात घालत होता, आम्ही हात बांधून ठेवलाय. ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली, पण तिला ते आवडलेलं दिसत होतं.

हेशीला वाटलं होतं की आपण रडू किंवा पळ काढू. यातलं काहीच झालं नाही. तो त्या पायाकडे बघत राहिला आणि त्याला राग आला. पोराचा नाही, जुडीतल्या त्या लोण्याच्या आणि सायीच्या कार्डांचा. तो रेनाला म्हणाला, "येतो मी, काम आहे." आणि निघाला.

रंगाच्या दुकानात दुकानदार गसने शेडचा नंबर वाचला, परत वाचला, चष्मा वर करून विचारलं की हे नक्की बाळाच्या खोलीचंच काम आहे ना. हेशी म्हणाला, हो, आणि जरा लवकर हलव. तो डबा घेऊन पोचला तेव्हा दुपार टळली होती. दिवे लागायच्या आत दोन हात बसवायचे, आणि मधे पहिला वाळायला हवा. त्याने दोन्ही खिडक्या उघडल्या, घरातले सगळे पंखे आणून लावले. शब्बाथचा सदरा काढायचं ध्यानातच राहिलं नाही. कोपरे ब्रशने, मग रोलर. हाताला सवय होती म्हणून हात चालत होता, पण घाम कपाळावरून डोळ्यांत येत होता आणि दर थोड्या वेळाने तो स्वयंपाकघरातल्या फोनकडे कान देत होता. फोन वाजला नाही. त्या दिवसांत फोन न वाजणं हीच चांगली बातमी असायची.

पहिला हात चट्ट्यापट्ट्यांचा दिसत होता, हा रंग तसाच असतो. पंख्यांसमोर तो वाळेपर्यंत हेशी शिडीच्या पायरीवर बसून राहिला. मधेच ब्लूमा डोकावली, चारी भिंती एकदा बघून ती कोंबडी जळेल म्हणत परत गेली. मग दुसरा हात. ऊन समोरच्या छपरावर चढलं तेव्हा शेवटची भिंत संपली. रोलर डब्यात तसाच टाकून तो फोनकडे धावला.

नर्सने रेनाला बोलावून आणलं. हेशीने आधी विचारलं, कसा आहे. तसाच आहे, ती म्हणाली. वाईट नाही.

"झाली खोली," हेशी म्हणाला.

हेशीने सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं.

"दोन हात झाले. तिसरा लागेल, तो रविवारी मारतो."

"कुठला घेतलास?"

"डाळिंबी. गडद, अगदी दाण्याचा असतो तसा."

"टाटे, लहान मुलाच्या खोलीला?" ती एक श्वास थांबली. वाचनालयातली मुलगी ती, पण रंगाऱ्याच्या घरात वाढलेली. "अरे, तो तर... त्याच्यावर पुढे पांढरा चढतो तरी का?"

"नाही चढत," हेशी म्हणाला. "कितीही हात मारले तरी नाही. प्लास्टर पाडावं लागतं. म्हणून तर तो घेतला."

  पलीकडून रेनाचा आवाज आला.

"थांब. ठेवू नको फोन. मी त्याला सांगून येते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, तिची पावलं लांब गेली, आणि हेशीच्या कानात त्या यंत्रांची टिकटिक येत राहिली. ब्लूमा दाराशी येऊन उभी होती. शब्बाथच्या मेणबत्त्या लावायची वेळ टळत आली होती, तरी ती घाई कर म्हणाली नाही.